वालाचा पाला

आई, लग्न होऊन मी तुमच्या घरी आले तेव्हा गाईच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं एवढंही मला कळत नव्हतं. मी पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत वाढलेली. आमच्याकडे केळी, नारळ, पानवेली. जनावर म्हणाल तर रहाटाचा एक म्हातारा बैल, आणि त्याच्याकडेही काकाच बघायचे. पानं खुडायची, धुवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, हे मला झोपेतही जमलं असतं. पण पाम गावाजवळच्या तुमच्या त्या घरात मागचं दार उघडलं की गोठाच समोर यायचा. पहिल्याच आठवड्यात मी तांबड्या गाईच्या मागून गेले आणि तिने शेपटीचा असा फटका दिला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही दारात बसून हसत होतात. "माहीमची राणी आली आमच्याकडं," म्हणालात, "गाय वारा घालते तिला." मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. आज सांगायला हरकत नाही, त्या रात्रीच्या जेवणात मी मुद्दाम तुम्हांला करपलेली भाकरी वाढली होती. तुम्ही ती खाल्लीत आणि वर म्हणालात, खरपूस झाली.

वालाचा धडाही मला तुम्ही दिलात तो रागावूनच. भात कापून झालं की जमिनीत ओल असते तोवर आपण वाल टाकायचो, आणि माघ सरता सरता शेंगा वाळायला लागायच्या. पहिल्या वर्षी तुम्ही सांगितलंत, उद्या वरच्या तुकड्यातले वाल उपटून आण. मी आपली सगळी कामं आटपून, भाकऱ्या थापून, वेणी घालून, ऊन चांगलं चढल्यावर निघाले. वेल उपटले, भारा बांधला आणि डोक्यावरून आणून अंगणात टाकला. तुम्ही भाऱ्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "पाला कुटं हाय?" मी म्हटलं, शेंगा सगळ्या आणल्यात की. तुम्ही माझा हात धरून मला परत शेतावर नेलंत. वाटभर वालाची वाळकी पानं सांडली होती. शेतात तर जिथे जिथे मी वेल ओढला होता तिथे तिथे पानांचा सडा पडला होता. "माणसाचं तेवढं आणलंस," तुम्ही म्हणालात, "गाईचं हितंच टाकून आलीस."

मग भर उन्हात आपण दोघी बसून ती पानं वेचत होतो. तुम्ही पदरात, मी पदरात. ढेकळांतून एकेक पान उचलायचं, माती झटकायची. मी मनातल्या मनात म्हणत होते, ही बाई वेडी आहे, वाळक्या पानांसाठी कोणी इतकं करतं का? तुम्ही मात्र वेचता वेचता सांगत होतात. वाल उपटायचा तो दव असताना. दव असलं की पाला मऊ असतो, वेलाला धरून राहतो. ऊन लागलं की झडतो, आणि घरी येतात त्या नुसत्या काड्या. भाऱ्याखाली लुगडं अंथरायचं, म्हणजे वाटेत सांडलं तरी लुगड्यात सांडतं. दुसऱ्या दिवसापासून तांबडं फुटायच्या वेळेला आपण दोघी शेतावर असायचो. पायाची बोटं गारठायची, हातांना वालाचा तो उग्र वास लागायचा, तो दिवसभर जायचा नाही. मला तो वास पुढे आवडायला लागला, हे तुम्हांला कधी सांगितलं नाही.

आणलेला वाल अंगणात पसरायचा, चार-पाच दिवस खडखडीत वाळू द्यायचा, मग काठीने झोडायचा. तुम्ही त्याचे चार वाटे करायचात. दाणे घरात. पाला आणि शेंगांची फोलपटं एका बाजूला, ती दुभत्या गाईची. बारीक काड्या बैलांच्या पेंढ्यात. आणि जाड, लाकडासारखी बुडं चुलीला. "पेंढ्यानं पोट भरतं, पाल्यानं दूध येतं," असं तुमचं म्हणणं. दोन ओंजळी पेंढा गाईने खाल्ला की मग एक ओंजळ पाला, त्यावर मिठाच्या पाण्याचा शिपका. घरात वालाचं बिरडं असलं की सोललेली सालंसुद्धा तुम्ही वाटीत जमवून गाईपुढे नेऊन ठेवायचात. मी हे सगळं रोज पाहत होते. आधी पेंढाच का, आणि पाला वाळलेलाच का, हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. पाहून शिकते आहे पोरगी, असं तुम्हांला वाटलं असणार.

गावात तुमचा मान होता तो या गोठ्यातल्या अकलेमुळेच. कोणाची गाय अडली, कोणाचं वासरू दूध ओढेना, कोणाच्या म्हशीने चारा सोडला की बायका आपल्या कुंपणापाशी येऊन हाक मारायच्या. तुम्ही हातातलं काम तसंच टाकून निघायचात. डाळ करपली तरी चालेल, पण हाक आली की थांबायचं नाही. बाबा ओट्यावरून म्हणायचे, "चालली बघा डाक्टरीण." सासरे म्हणून मला त्यांचा धाक वाटायचा, पण तुम्हांला चिडवताना त्यांच्या मिशीत हसू असायचं, ते मी ओळखायला शिकले होते. परत आलात की हातपाय धुऊन तुम्ही चुलीपाशी बसायचात आणि मला सगळं साग्रसंगीत सांगायचात, वासरू कसं आडवं होतं, कसं वळवलं. तेव्हा तुमचा चेहरा असा काही उजळलेला असायचा की मी भाकरी थापायची थांबायचे.

मग ते वर्ष आलं. तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं आणि ह्यांना तिथे काम लागलं होतं. हे सकाळी सायकल घेऊन जायचे ते संध्याकाळी सिमेंटने पांढरे होऊन यायचे. त्या वर्षी पाऊस लवकर आटपला. भात गुडघ्याएवढंच राहिलं. दाणा कमी आला तो आलाच, पण पेंढाही कमी आला, आणि गवत तर माळावरही दिसेना. त्यात मला बाळंतपणानंतर मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस मी अंथरुणावर होते. उठले तेव्हा माझं दूध आटलं होतं. तीन महिन्यांचं मूल छातीला लावलं की ते ओढायचं, ओढायचं, आणि मग रागाने किंचाळायचं. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाईचं दूध पाणी घालून, उकळून द्या. बाकी काही इलाज नाही. गावात तेव्हा कोणाचीच गाय धड दूध देत नव्हती. दुसऱ्याच्या पोराला कोण देणार? माझं मूल तांबड्या गाईवर जगायचं होतं, आणि तांबडी वालाच्या पाल्यावर. नशिबाने ओलीवर टाकलेला वाल तेवढा बरा आला होता.

पण त्या पाल्यावर बाबांचाही डोळा होता. आपल्याकडे भाताची रोपं करायची तो तुकडा पावसाआधी भाजावा लागतो. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. तो राब. राब चांगला भाजला नाही तर तणच माजतं, रोप येत नाही. एरवी राबाला काही कमी पडत नसे. त्या वर्षी मात्र गवताची काडी न् काडी जनावरांच्या पोटात गेली होती. बाबा म्हणायचे, "राब नाय तर रोप नाय. रोप नाय तर फुडच्या साली खायाचं काय?" तेही खोटं नव्हतं. तुम्ही त्यांना एवढंच म्हणालात, "फुडच्या सालाला पोर जगलं पायजे ना आदी." पाला गाईला, असं ठरलं.

आता माझी गोष्ट. फाल्गुनातली सकाळ होती. बाबा पालघरच्या बाजाराला गेले होते, हे कामावर, आणि तुम्ही शेजारी कोणाची तरी शेळी बघायला. मूल आदल्या दिवशी उपाशी राहिल्यासारखं रडलं होतं. मला वाटलं, गाईला आज जरा जास्त द्यावं. विहिरीजवळच्या तुकड्यातला वाल मागाहून पेरलेला होता, तो अजून हिरवागार उभा होता, दवाने निथळत. तुम्ही सांगितलं होतं ना, वाल दवातच चांगला. आणि मी तर पानवेलीवाल्यांची मुलगी. आमच्याकडे पान जितकं हिरवं, जितकं ओलं, तितका त्याचा मान. वाळक्या पानाला माहीममध्ये कोणी विचारत नाही. मला वाटलं, वाळक्या पाल्याने एवढं दूध येतं तर या ओल्या कोवळ्या वेलाने केवढं येईल! मी हाराभर वेल ओढले, शेंगांसकट, आणि रिकाम्या पोटी उभ्या असलेल्या गाईपुढे सगळा हारा उपडा केला. तिने अधाशासारखा खाल्ला. मी तिच्या मानेवर हात फिरवत उभी होते. किती शहाणी मी, असं वाटत होतं मला!

थोड्या वेळाने मी परत गोठ्यात गेले तर तिची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. चारी पाय फाकून उभी, मान पुढे ताणलेली, तोंडातून फेस. डोळे असे झाले होते की मला बघवेना. मी मुलाला तसंच पाळण्यात टाकलं आणि कुंपणापर्यंत धावत जाऊन तुम्हांला हाक मारली. काय हाक मारली ते मला आठवत नाही. तुम्ही आलात, गाईकडे पाहिलंत, खाली पडलेला हिरवा वेल पाहिलात. "तेल आन," एवढंच. घरात गोडं तेल तळाला गेलेलं. मी माझी माहेरची खोबरेलाची बाटली आणली, केसांना लावायची. तोवर तुम्ही निंबाची जाड काठी तिच्या तोंडात आडवी घालून दोन्ही टोकं शिंगांमागे दोरीने बांधली होतीत, म्हणजे गाय ती चघळत राहील आणि तोंड मिटणार नाही. बांबूच्या नळकांड्याने तेल पाजलंत. मग दोघींनी तिला ओढत ओढत अंगणातून बांधाकडे नेलं, पुढचे पाय वर चढवले. तुम्ही मुठीने तिची कूस रगडत होतात. तुमच्या बांगड्या फुटल्या, मनगटाला लागलं, तरी तुम्ही थांबला नाहीत. पाळण्यात मूल रडत होतं आणि आपल्यापैकी कोणीही आत गेलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग गाईने एक भला मोठा ढेकर दिला. मग आणखी एक. कूस हळूहळू खाली बसायला लागली. तुम्ही तिच्या मानेला टेकून डोळे मिटून उभ्या राहिलात आणि मी तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडले. एवढ्यात बाबा आले. डोक्यावर बाजाराची पिशवी, समोर तोंडाला काठी बांधलेली गाय.

"काय झालं हिला?"

"फुगली होती," तुम्ही म्हणालात.

"काय घातलं?"

"हिरवा वाल."

"कोनी?"

मी तोंड उघडलं होतं आई, देवाशपथ. पण तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी."

बाबा तुमच्याकडे बघतच राहिले. "तू? सगल्या गावाला शिकवतेस, न तू घातलास?"

"चुकले. हात चुकला."

बाबांचा राग भीतीचा होता, हे आज कळतं. गाय गेली असती तर नातू गेला असता. पण तेव्हा ते फक्त ओरडले. अति तिथे माती म्हणाले. उद्यापासून वालाचं एक पान गोठ्यात जायचं नाही, जे काय आहे ते सगळं राबाला, असं म्हणाले आणि पिशवी ओट्यावर आपटून आत गेले. म्हणजे माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत आणि शिक्षा माझ्या मुलाला झाली. मी स्वयंपाकघरात तुमच्या मागे मागे आले. म्हटलं, आई, मी सांगते त्यांना. तुम्ही मुलाला मांडीवर घेऊन वाटीने दूध पाजत होतात, सकाळचं उरलेलं. "गप," म्हणालात. "ओला घालू नको, रिकाम्या पोटी घालू नको, असं मी कदी सांगितलं तुला? नाय सांगितलं. मंग चूक कोनाची?" मी रडायला लागले तर म्हणालात, "तुजं नाव आलं तर ते तुला गोठ्यात पाय ठेवू देनार नाय. तुज्या पोराचं दूध तुज्या हातानं निगालं पायजे. मी काय जन्माला पुरनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाबांना म्हणालात, राबाला न्यायच्या आधी वाल एकदा परत झोडायला हवा, दाणे राहिलेत त्यात. मला हसू आलं असतं, पण हसायची हिंमत नव्हती. दाणे कधीच काढून झाले होते, पाला आणि काड्यांचे वाटे करायचे तेवढे त्या वर्षी राहिले होते; त्यात दाणे कसले राहणार? तुमच्या हाताखालून एक दाणा निसटत नसे. पण आपण दोघींनी तीन दिवस तो ढीग झोडला. काठीखाली पाला झडायचा, फोलपटं सुटायची, खाली अंथरलेल्या लुगड्यांत जमायची, आणि वर उरायच्या त्या काड्या. काड्या राबाला. पाला गोठ्यामागे, गवताच्या माळ्याखाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा तिथे आले. "तीन दिस झोडताय. किती दाने निगाले?" तुम्ही ओंजळ पुढे केलीत. पंधरा-वीस दाणे असतील. बाबांनी ते पाहिले, मग मागचा पाल्याचा ढीग पाहिला. मला वाटलं, आता संपलं. ते पुढे गेले, कोपऱ्यातलं गोणपाट उचललं आणि ढिगावर नीट पसरलं. "उगडा नका ठेवू," म्हणाले, "दव पडल." आणि निघून गेले.

राब काड्यांनी भाजला, थोडा आंब्याच्या पाचोळ्याने, जो आपण दोघींनी गावभर हिंडून गोळा केला. रोप आलं. फार देखणं नाही आलं, पण आलं. तांबडी सावकाश पूर्वीसारखी दूध द्यायला लागली. दोन ओंजळी पेंढा, मग एक ओंजळ खडखडीत पाला, आणि तो माझ्या हाताने, तुम्ही बाजूला उभ्या राहून बघत होतात. मूल पावसाळ्यात बसायला लागलं. आता त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत आणि त्याला दूध आवडत नाही, हे ऐकून तुम्ही केवढ्या हसला असतात!

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण बाबांना तो किस्सा फार आवडला. राग गेला आणि किस्सा उरला. पाहुणे आले, सोयरे आले, की बाबा सुरू व्हायचे, "सगल्या गावाची डाक्टरीण न घरची गाय फुगवली!" तुम्ही सगळ्यांच्या आधी हसायचात. बाबा तुम्हांला लागावं म्हणून सांगत नव्हते, कौतुकानेच सांगायचे, आपल्या माणसाची एक गंमत म्हणून. पण गावात गोष्ट गेली की ती गंमत राहत नाही. हाका कमी झाल्या. आधी कोणी तरी म्हणालं, आता त्यांचं वय झालं. मग कोणी म्हणालं, सुनेला बोलवा, सून पण चांगली तयार झालीय.

एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. कुंपणापलीकडे शेजारणीची गाय अडली आहे. सकाळपासून तिचं हंबरणं ऐकू येतं आहे. तुम्ही ओट्यावर सूप घेऊन वाल निवडत बसला आहात. प्रत्येक हंबरण्याला तुमचा हात थांबतो. एकदा तुम्ही उठता, कुंपणापर्यंत जाता, आणि परत येऊन बसता. मी म्हणते, आई, जा ना, तुम्हांला कोण अडवतंय. तुम्ही खाली बघून म्हणता, "बोलवलं नाय. न बोलवता कसं जायाचं?" थोड्या वेळाने शेजारणीचा दीर येतो तो मला बोलवायला. तुम्ही मला जवळ ओढता आणि कानात भराभर सांगता, हात कसा घालायचा, तेल किती लावायचं, कळ आली की थांबायचं. मी जाते. वासरू जिवंत बाहेर येतं. मी परत येते तेव्हा तुम्ही ओट्यावर तशाच बसलेल्या असता. मी तुमच्यासारखंच हातपाय धुऊन सगळं साग्रसंगीत सांगते, आणि तुम्ही एकेका शब्दाला मान हलवत ऐकता. बाबा आत होते. दोन पावलं आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी मूग गिळून बसले.

त्यानंतर बोलवणी मलाच येऊ लागली. शेवटच्या आजारपणात तुम्हांला माणसं ओळखू येत नव्हती, पण मी खोलीत आले की विचारायचात, "पेंढा आदी घातलास ना?" घातला, असं मी म्हणायचे. तेराव्याला जमलेल्या माणसांत बाबांनी पुन्हा तोच किस्सा सांगितला. सांगता सांगता त्यांना रडू आलं, मग त्यांनाच हसू आलं, मग सगळे हसले. आई, मीही हसले. तुमच्या पोटचा मुलगा बाजूला बसला होता, बाबा होते, आणि मी हसले.

बाबा गेले, हेही गेले. गेल्या आठवड्यात शेतकी कॉलेजातली दोन मुलं आपल्याकडे आली होती, एक मुलगा, एक मुलगी. लहान शेतकरी कडधान्याचं काड आणि पाला जनावरांना कसा घालतात, ते त्यांना लिहून घ्यायचं होतं. गावात विचारलं तर सगळ्यांनी माझंच घर दाखवलं. मी त्यांना सगळं सांगितलं, दवातलं उपटणं, लुगडं, चार वाटे, पेंढा आधी, पाला वाळलेला, मिठाचा शिपका. मुलगी भराभर लिहीत होती. म्हणाली, आजी, हे तर पुस्तकात असतं तसंच बरोबर आहे, तुम्हांला कोणी शिकवलं? मी म्हटलं, करता करता आलं. तेवढ्यात माझा मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, आमच्या आजीनं एकदा ओला वाल घालून गाय फुगवली होती, ते लिहा. ती मुलगी हसली, आणि तिने ते लिहिलं. वाकून पाहिलं मी. 'सासूबाईंची चूक' असं लिहून तिने खाली रेघ मारली होती. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी विचारलं, साखर आणखी हवी का?

ती मुलं गेल्यापासून मला चैन नाही. मुलाला खरं सांगावं म्हणून दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा, काही नाही रे, जेवायला ये, असं म्हटलं. मग मनाची समजूत घालायला एक कारण काढलं. म्हटलं, ही गोष्ट आहे म्हणून तर घरात अजून आईंचं नाव निघतं. पतवंडांनाही माहीत आहे, पणजीने गाय फुगवली. ते खोटं ठरलं तर तुमचं काय उरेल? चांगलं कारण आहे. दोन दिवस मला पटलंही होतं.

पण हे पत्र तर कोणाला जायचं नाही, मुलाच्या हाती लागेल अशा जागी मी ते ठेवणारही नाही, मग तुमच्याशी तरी लबाडी कशाला. खरी गोष्ट लहान आहे. आजही कोणाची गाय अडली की कुंपणापाशी हाक येते आणि मी हातातलं काम टाकून उठते. गुडघे दुखतात, तरी उठते. गावात म्हणतात, गुराढोरांचं कळावं तर या बाईला. आई, ते ऐकायला मला फार आवडतं. ते माझ्याने सोडवत नाही.